शेवळं, काकडं आणि तरंगणारं इरलं

घड्याळाशी मारामारी करायला लावणारे स्वयंपाकाचे गेम मला मानवत नाहीत. 2016 सालचा 'ओव्हरकुक्ड' मी मित्रमंडळींबरोबर खेळले आहे. कुणी कांदा चिरतंय, कुणी ताटल्या विसळतंय, शेगडीने पेट घेतलाय आणि सगळे एकमेकांवर खेकसताहेत. मजा येते, नाही असं नाही. पण बदलापूर फास्टमधून अंग चेंबटवून घरी आल्यावर जेवढं त्राण उरतं, तेवढ्यात हे बसत नाही. म्हणून 2024 साली 'मॅजिकल डेलिकसी' आला तेव्हा मी त्याला जी चिकटले ती चिकटलेच. फ्लोरा नावाची शिकाऊ चेटकीण ग्रॅट नावाच्या बंदरगावात येते, दुकान थाटते, गावभर उड्या मारत जिन्नस गोळा करते आणि ज्याला जे हवं ते रांधून देते. मारामारी नाही. जुन्या धाटणीची पिक्सेलची चित्रं. सुरुवातीला जिथे उडी पोचत नाही, तिथे पुढे एखादी करामत हाती आली की पोचते, आणि गाव हळूहळू मोकळं होत जातं.

असा एखादा इटुकला गेम आपणही करावा, आणि मराठीत करावा, हे खूळ तिथून डोक्यात शिरलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधल्या खोड्या काढायचे मला पैसे मिळतात. स्वतः कोड लिहायची सवय कॉलेजनंतर सुटली. चित्रकलेची मजल शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपर्यंत. पण हल्ली साधनं हाताशी आहेत. गोडो नावाचं गेम बनवायचं इंजिन फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवायला घेतलं आणि 2014 साली सगळ्यांसाठी खुलं केलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते निमूट चालतं, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. चित्रांसाठी लिब्रेस्प्राइट घेतलं, तेही फुकट.

या वाटेने गेलेले सगळे एकच सांगतात: आधी उडी नीट करा, मग बाकीचं. गोडोमध्ये नवं पात्र बनवलं की तयार नमुना-कोड मिळतो. त्यात वेग सेकंदाला 300 पिक्सेल, उडी उणे 400. उणे अशासाठी की पडद्यावर वरून खाली मोजत जातात. गुरुत्व 980. माझा पडदा मी 320 बाय 180 पिक्सेलचा ठरवला होता, कारण तो सहापट केला की बरोबर फुल एचडी भरतो. पण त्या तयार आकड्यांनी माझी चिंगी, म्हणजे गेममधली पोर, एका उडीत 81 पिक्सेल वर जायची. जवळजवळ अर्धा पडदा! टोळासारखी टणाटण उडणारी ती पोर बघून मलाच हसू फुटलं.

इथे बारावीचं भौतिकशास्त्र कामाला आलं. उडी किती उंच हवी आणि माथ्यावर पोचायला किती वेळ लागावा, एवढं आपण ठरवायचं. दुप्पट उंचीला वेळेने भागलं की उडीचा वेग मिळतो, आणि त्याला पुन्हा वेळेने भागलं की गुरुत्व. मी 40 पिक्सेल आणि 0.4 सेकंद धरले. वेग आला 200, गुरुत्व 500. खाली येताना मात्र गुरुत्व दीडपट करावं लागतं, म्हणजे 750, नाहीतर उडी मिळमिळीत वाटते. आणखी एक गंमत आहे. पात्राचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडीचं बटण चालू ठेवायचं. खेळणाऱ्याला वाटतं की आपण अगदी कडेवरून उडी मारली. खरं तर तो केव्हाच हवेत असतो. 2018 सालच्या 'सेलेस्ट'सारख्या खडतर गेममध्येसुद्धा ही सवलत आहे. कुणाला पत्ता लागत नाही, पण ती काढून टाकली की लोक म्हणतात, "बटण नीट चालत नाहीये." माझ्या पेशात असली तक्रार रोज वाचते. तिचं मूळ एवढ्या बारीक जागी असू शकतं, हे मला इथे कळलं.

उडी जमली. मग स्वयंपाक जमवला: चिरायचं, परतायचं, वाढायचं. दोन्ही आपापल्या जागी बरे होते, आणि एकत्र खेळले की कंटाळा यायचा. चिंगी उड्या मारत टोमॅटोपर्यंत जायची, टोमॅटो पिशवीत पडायचा, घरी येऊन चिरायचा. टोमॅटोच्या जागी सोन्याचं नाणं ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं. उड्यांना स्वयंपाकाची गरज नव्हती आणि स्वयंपाकाला उड्यांची. दोन वेगळे गेम एका पडद्यावर शेजारी शेजारी राहत होते. मी चित्रं सुधारली, ढग टाकले, कोंबडी टाकली. कोंबडी छान झाली. गेम तसाच राहिला.

तोवर जून उजाडला. पहिला पाऊस पडला की आमच्या स्टेशनबाहेर कर्जत-मुरबाडकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यात पहिला मान शेवळांचा. जमिनीतून सरळ वर आलेले, टोकदार, तपकिरी-जांभळट कोंब. दोरीने जुडी बांधलेली. शेजारी छोट्या बोराएवढ्या हिरव्या फळांचा वाटा. मी जुडी उचलली तशी मावशी म्हणाल्या, "ताई, काकडं घ्या की बरोबर. नुसती शेवळं नेऊन घसा धरून बसाल."

"चिंच आहे घरी."

"चिंच घाला, पण काकडाची सर नाही यायची. आन् आतलं पिवळं टाका हां, सगळं नका घालू."

काकडं घेतली. घरी आईने कागद पसरला, हाताला तेल लावलं आणि शेवळं सोलायला बसली. वरचं पातं ओढून काढायचं. आत एक दांडा असतो. त्याचा वरचा भाग जांभळट, गुळगुळीत, आणि खाली पिवळे कण गच्च चिकटलेले. तो पिवळा भाग तोडून बाजूला. उरलेलं बारीक चिरायचं. काकडं ठेचून, बिया काढून, वाटून त्यांचा आंबट रस गाळून घ्यायचा. शेवळं तेलावर चांगली परतायची, मग रस, मग भिजवून सोललेले वाल. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शेवळांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूत असतात तेच, सुरणात असतात तेच. सुरण तर शेवळांचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. ते स्फटिक घशाला टोचतात आणि खाज सुटते. आंबट घातलं की ती मरते.

आई सोलत होती आणि मी बघत होते की माझ्या गेमला जे पाहिजे ते या कागदावर पडलंय. शेवळं जमिनीवर उगवतात, कुणालाही वेचता येतील. काकडाचं झाड उंच. एक हाताशी, एक हाताबाहेर, आणि एकावाचून दुसरं गिळता येत नाही. असल्या गेममध्ये बंद दरवाजा आणि किल्ली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, मधल्या वाटेला खेळ म्हणतात. इथे दरवाजा पाककृतीतच होता. मला फक्त झाड लावायचं होतं.

टोमॅटो त्याच रात्री पुसले.

नव्या मांडणीत चिंगीला पहिल्या पाच मिनिटांतच शेवळं सापडतात, तीही भरपूर. तिला कुणी अडवत नाही. ती घरी येते, भाजी करते, आजोबांना वाढते. आजोबा दोन घास खातात, घसा धरतात, खाकरतात, तांब्याभर पाणी पितात आणि म्हणतात, "पोरी, काहीतरी राहिलं बघ." बस्. गुण कापले जात नाहीत, जीव जात नाही, पडदा काळा होत नाही. 'आरामाचा' म्हणवणारा गेम करायचा म्हणून मी आधी सगळीच शिक्षा काढून टाकली होती. तेव्हा लक्षात आलं की काहीच बिघडू शकत नसेल तर नीट करायची इच्छाही होत नाही. घशाची खाज ही नेमकी मापातली शिक्षा निघाली. हसू येतं आणि टोचतंही.

कोडमध्ये मी खरोखरच 'खाज' नावाचा एक आकडा ठेवला आहे. शेवळं टाकली की तो वाढतो, पिवळा भाग तसाच राहिला तर आणखी वाढतो, काकडाचा रस पडला की शून्यावर येतो. चिंच घातली तर अर्धाच उतरतो. मावशींशी झालेलं बोलणं मी तसंच्या तसं वापरलं. बाजारातल्या भाजीवाल्या बाईंशी बोललं तर त्या काकडांचं नाव एकदा घेतात. पडद्यावर बाण नाही, लुकलुकणारं चिन्ह नाही. ऐकलं तर ऐकलं.

झाड कुठे लावायचं यात बरेच दिवस गेले. सरळ चढता आलं तर वाट कसली? म्हणून मी ते एका कातळाच्या पायथ्याशी लावलं. खालून फांदी दिसते, काकडं दिसतात, उडी मात्र दोन वीत कमी पडते. मागच्या बाजूने कातळ चढून जायचं, आणि वरून झाडावर उडी घ्यायची. तिथे तो सेकंदाचा दहावा भाग उपयोगी पडतो, कारण कातळाच्या कडेवर सगळेच घाबरून जरा उशिरा बटण दाबतात. चुकली उडी तर चिंगी खाली ओढ्यात पडते, चिंब होते आणि काठावर येऊन उभी राहते. पिशवीतली शेवळं शाबूत.

भाजी जमली की काय मिळावं? नाणी मला नको होती. आजोबा अंगणात बसून इरली विणतात, असं मी आधीच काढलं होतं. नुसती शोभा म्हणून. बांबूच्या कामट्या, त्यावर पळसाची पानं, भात लावताना डोक्यावरून पाठीपर्यंत पाऊस अडवणारं. मग वाटलं, तेच द्यावं. भाजी पोटात गेली की आजोबा चिंगीला इरलं देतात, आणि ते डोक्यावर धरून ती दरीवरून तरंगत पलीकडे जाते. कोडमध्ये ही एक ओळ आहे: बटण दाबून ठेवलं असेल तर खाली येण्याचा वेग 30च्या वर जाऊ द्यायचा नाही. पलीकडच्या डोंगरावर करटुली आहेत, फोडशी आहे, म्हणजे पुढचा स्वयंपाक आहे. रांधलं की वाट उघडते, वाट उघडली की रांधायला नवीन मिळतं. आईला मात्र हे पटलं नाही. "इरल्यावर कुणी उडतं का गं? वाऱ्याने उलटं होतं ते." लहानपणी तिने वापरलेलं आहे, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मी एक वाऱ्याची झुळूक घातली. ती आली की इरलं उलटं होतं आणि चिंगी खाली येते. आईचा आक्षेप हीच त्या लेव्हलची सगळ्यात गमतीची जागा झाली.

स्वयंपाकघरातला भाग मी दोनदा मोडला. पहिल्यांदा वर एक पट्टी होती, ती भरत आली की बटण दाबायचं. म्हणजे घड्याळच, फक्त आडवं घातलेलं. आमच्या स्वयंपाकघरात कुणी फोडणी डोळ्यांनी बघत नाही, कानाने ऐकतं. मोहरी तडतडायला लागते, तडतड वाढते, मग ओसरते. ओसरता ओसरता हिंग, हळद. उशीर केला तर मोहरी जळून कडवट. म्हणून पट्टी काढली आणि सगळं आवाजावर सोपवलं. त्यासाठी आवाज खरा पाहिजे. इंटरनेटवर तळणाचे तयार आवाज ढिगाने आहेत, पण ते भज्यांचे. मोहरीचे दाणे एक-एक करून फुटतात, तसलं काही मिळेना. शेवटी रात्री पंखे बंद करून, फोन ओट्यावर टेकवून, आईला फोडण्या करायला लावल्या. एका रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, एकात आईचं "झालं का तुझं? तेल वाया चाललंय." ऑडेसिटी या आवाज साफ करायच्या प्रोग्रॅममध्ये आधी नुसत्या शांततेचा तुकडा निवडून दाखवायचा असतो, मग बाकीच्या आवाजातून तेवढी घरघर ते वजा करतं. जास्त वजा केली तर मोहरी पत्र्याच्या छपरावर पडल्यासारखी वाजते. अर्धीच काढली. पाठीमागे किंचित घरघर आहे, ती राहू दिली, घरात असतेच.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा जे आवाज बंद ठेवून खेळतात, त्यांच्यासाठी कढईत दाणे उडताना दिसतात. हे एका सहकाऱ्याने सुचवलं. तो लोकलमध्ये हेडफोनशिवाय खेळत होता आणि त्याची मोहरी प्रत्येक वेळी जळत होती.

आता मराठी अक्षरांबद्दल. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि याबद्दल कुठे धड लिहिलेलं सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळतच नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. मार्च 2023मध्ये चौथी आवृत्ती आली, तिच्यात हार्फबझ नावाचं अक्षर जुळवणारं साधन बसवलेलं आहे, त्यामुळे 'क्ष' आणि 'प्र' आता आपोआप बरोबर येतात. माझी अडचण पुढची होती. पिक्सेलच्या गेममध्ये अक्षरंही पिक्सेलची असावीत अशी पद्धत आहे. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेल उंचीत आरामात बसतं. आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार, मध्ये अक्षर, खाली उकार, आणि 'ष्ट्र' आला तर एकावर एक मजले. आठ पिक्सेलमध्ये 'राष्ट्र' लिहून बघा, मुंगी चिरडल्यासारखं दिसतं. सोळा पिक्सेलला वाचता येतं, पण मग 180 पिक्सेलच्या पडद्यावर आजोबांचं एक वाक्य अर्धं जंगल झाकतं.

शेवटी पद्धत सोडली. जंगल लहान पडद्यावर काढून मग मोठं करायचं, आणि अक्षरं त्याच्या वर, पूर्ण मोठ्या पडद्यावर, वेगळ्या थरात काढायची. गोडोत त्यासाठी जंगलाला स्वतःचा उप-पडदा द्यावा लागतो. फॉन्ट 'बलू' घेतला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी बनवलेला, मुक्त परवान्याचा, गुबगुबीत. चौकोनी पिक्सेलच्या जंगलावर गोलमटोल अक्षरं शोभत नाहीत, असं एका जाणकाराने तोंड वाकडं करून सांगितलं. मला वाचता येणं जास्त शोभतं.

आणि मग तो टाइपरायटर. गेममध्ये पात्रं बोलतात तेव्हा अक्षरं एकेक करून उमटतात, ही जुनी रीत. इंग्रजीत छान दिसतं. मराठीत 'किती' लिहिताना आधी 'क' यायचा, मग वेलांटी टपकायची आणि 'क' दचकून उजवीकडे सरकायचा. 'क्ष'ची तर तीन रूपं दिसायची: आधी 'क', मग पाय मोडलेला 'क्', मग एकदम 'क्ष'. आजोबा बोलताहेत की त्यांना झटके येताहेत, कळेना. गोडोच्या लेबलमध्ये, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या घटकात, यासाठी एक पर्याय दडलेला आहे. मूळच्या सेटिंगमध्ये आधी मजकूर कापतात आणि मग उरलेल्याची जुळणी करतात. तो बदलून आधी जुळणी आणि मग कापणी असं करायचं. बदलल्यावर अक्षरं जिथल्या तिथे, अख्खी उमटायला लागली. हा पर्याय मराठी, हिंदी, तमिळ लिहिणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे. तमिळचा विषय निघालाच आहे तर, टोरांटोत बनलेल्या 'वेन्बा' या गेमने 2023 साली इडलीपासून सुरुवात करून तमिळ घराचा सगळा स्वयंपाक जगभर खेळायला लावला आणि पुढच्या वर्षी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही घेतला. त्यात उड्या नाहीत, पण पाककृती हेच कोडं, हा विचार त्यांनी माझ्या कितीतरी आधी आणि कितीतरी देखणा केलेला आहे.

पहिली खेळाडू आई. तिने कधी गेम खेळलेला नाही. बाणाने चालणं जमलं. चालता चालता उडी, म्हणजे दोन बोटं एकदम, जमेना. ती थांबून, खाली कीबोर्डकडे बघून, मग उडी मारायची. सरळ वर. भाचा शेजारी बसून "आजी, पुढे! पुढे!" करत होता, त्याला बाहेर पाठवला. मी एक सोय घातली: सेटिंगमध्ये खूण केली की कडेपाशी पोचल्यावर चिंगी आपणहून उडी मारते. ती आता मुद्दामच पहिल्या पडद्यावर विचारली जाते, 'उड्या कोण मारणार: मी की चिंगी?' बऱ्याच मोठ्या माणसांनी चिंगीला मारायला लावल्या.

आई काकडाच्या झाडाकडे फिरकलीच नाही, हे मला अपेक्षित नव्हतं. ती घरातच रमली. कांदा परतून बघितला, पुन्हा परतला, आणि मग म्हणाली, "शेवळं परतायच्या आधी तू पाणी घालू देतेस. असं चालत नाही. तेलात परतल्याशिवाय पाणी दाखवायचं नाही." माझ्या कोडमध्ये क्रमाला काही किंमत नव्हती, सगळं पातेल्यात पडलं की भाजी तयार. तो भाग पुन्हा लिहिला. आता प्रत्येक पाककृती ही जिनसांची यादी नसून पायऱ्यांची यादी आहे, आणि पायरी चुकली की चव बदलते. भाचा बरोबर उलटा. त्याने कातळ, झाड, दरी सगळं झटक्यात पार केलं, आणि स्वयंपाक आला की "हे स्किप होतं का?" होत नाही. इरलं हवं तर फोडणी घाल. त्याने तोंड पाडून घातली, मोहरी जाळली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा त्याने फोन कानाशी नेला, आणि तडतड ओसरायच्या क्षणी बरोबर हिंग टाकला. गेम ज्याच्यासाठी केला ती गोष्ट मी तेवढ्यात पाहून घेतली.

प्रसिद्ध करायला इच डॉट आयओ हे छोट्या गेमांचं संकेतस्थळ घेतलं. फुकट आहे, आणि ब्राउझरमध्ये खेळता येतं, डाउनलोड नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीला वेबसाठी आधी सर्व्हरकडून काही खास परवानग्या लागायच्या आणि काही फोनवर गेम उघडतच नसे. ऑगस्ट 2024च्या 4.3पासून एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालणारी वेब-निर्यात आली आणि ती कटकट गेली. तिच्या जागी दुसरी आली: आवाज अडखळायला लागला. माझी तर सगळी फोडणी आवाजावर! त्याच आवृत्तीत वेबसाठी आवाज 'सॅम्पल' म्हणून, म्हणजे थेट ब्राउझरकडूनच, वाजवायची सोय आहे, ती लावल्यावर तडतड वेळेवर ऐकू येऊ लागली. बदल्यात आवाजावरचे परिणाम चालत नाहीत, त्यामुळे गुहेतला घुमणारा आवाज गेला. गुहेपेक्षा मोहरी महत्त्वाची, म्हणून विचार करत बसले नाही.

लोकांनी खेळायला सुरुवात केल्यावर पहिली मागणी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची आली. आमच्या समोरच्या काकू सीकेपी. त्यांनी फोनवर खेळून बघितला आणि दारात येऊनच विचारलं, "शेवळं आणि सोडे नाहीत? वाल काय, वाल कुणीही घालतं." त्यांच्याकडे सोडे, कोलंबी, खिमा, सगळं चालतं. मग सोडे घातले. किनाऱ्यावरून आलेली एक कोळीण बाजारात बसते, तिला करटुली दिली की ती सोडे देते. सोड्यांची शेवळं कोणती माणसं किती आवडीने खातात, हेही ठरवलं. भाजीवाल्या बाई बोटं चाटतात. आजोबांच्या गळ्यात मी सुरुवातीलाच तुळशीची माळ काढली होती, चार पिक्सेलची.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी खेळाडूने रीतसर बग लिहून पाठवला, पायऱ्या वगैरे घालून. एक, सोडे घ्या. दोन, शेवळांच्या भाजीत घाला, काकडांचा रस घाला, खाज शून्य असल्याची खात्री करा. तीन, आजोबांना वाढा. अपेक्षित: आजोबा खातात. प्रत्यक्षात: आजोबा ताट सरकवतात आणि म्हणतात, "माळ दिसत नाही का गं गळ्यात?" बग इतका नीट लिहिलेला होता की मला त्या माणसाला नोकरी द्यावीशी वाटली. मग मी तो 'असंच अपेक्षित आहे' असा शेरा मारून बंद केला. ऑफिसात डेव्हलपर माझ्या बगांवर हाच शेरा मारतात तेव्हा माझं डोकं फिरतं.